गिरीजचे शंभर सिनेटर

आम्ही गिरीजला राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. टेम्पोतून लोखंडी कपाट उतरत होतं, हमाल माझ्यावर आणि मी हमालांवर ओरडत होतो. तेवढ्यात शेजारच्या वाडीच्या कुंपणातल्या फटीतून एक साठीचा, उंच, काटक माणूस खांद्यावर केळ्यांचं अख्खं लोंगर घेऊन थेट आमच्या दारात आला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"सिनेटर किती?" त्याने विचारलं.

मला वाटलं, सामानातल्याच कशाबद्दल तरी विचारतोय. "मोजले नाहीत अजून," मी म्हणालो.

"शंभर. दर राज्याचे दोन. ध्यानात ठेवा," असं म्हणून त्याने लोंगर पायरीवर ठेवलं आणि आला तसा फटीतून निघून गेला. माझी बायको म्हणाली, "घर घेताना शेजार तरी बघायचा."

हे आमचे नाना राऊत. वाडवडिलांपासूनची केळी-नारळाची वाडी, कडेला थोडा सोनचाफा, आणि तोंडात अमेरिकेची राज्यघटना. पुढे कळलं की हा मान एकट्या मला मिळालेला नव्हता. नाना एसटीच्या कंडक्टरला तिकीट मागायच्या आधी प्रश्न विचारत. पाचूबंदरहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या मंगलाबाईंची परीक्षा तर रोजच असायची.

"मंगला, झेंड्यावर पट्टे किती?"

"तेरा! कोन कुठला झेंडा नि मी कोन! आता बोंबील घेतो का जाऊ?"

या वेडाचं मूळ असं. नानांचा एकुलता एक मुलगा उमेश बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला आणि तिथला नागरिक झाला. मग त्याने आईवडिलांसाठी कायम तिथे राहण्याची कार्डं काढली. दोघं गेली. नाना चार महिन्यांत परत आले. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "तिकडं गवताला पाणी घालायला पण यंत्र हाय. मग माणसानं काय करायचं? उभं राहून बघायचं?" वाडी बघून लगेच परत जातो म्हणाले होते, पण आधी केळीची लावणी आली, मग नारळ उतरवायचे आले, आणि मुदत उलटून नानांचं कार्ड बाद झालं. सुमनकाकू मात्र तिकडेच राहिल्या, कारण उमेशला जुळं झालं होतं आणि सूनबाई नोकरीला जायची.

काकूंची तिकडची पाच वर्षं भरायला अजून अवकाश होता. पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि मग तोंडी परीक्षा होते. प्रश्न शंभर पाठ करायचे, त्यातले साहेब कुठलेही दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. शिवाय एक इंग्रजी वाक्य वाचून आणि एक लिहून दाखवायचं. काकूंचं शिक्षण मराठी चौथी, तेही पन्नास वर्षांपूर्वीचं. तेव्हा त्यांचा क्लास घेण्याचं काम नानांनी गिरीजहून आपल्या अंगावर घेतलं.

गाव म्हणायचं, "नाना खुळावलाय. स्वतःला अमेरिका झेपली नाही, आता बायकोला अमेरिकन करतोय." मीही तेच म्हणायचो, आणि जरा जास्त कडवटपणे म्हणायचो, कारण तो क्लास माझ्या घरात भरायचा.

झालं असं की आमच्याकडे फोन होता आणि नानांच्या फोनच्या अर्जाचा नंबर लागलेला नव्हता. आम्ही राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी नाना आले आणि म्हणाले, "तुमचा नंबर उमेशला कळवलाय." विचारलं नाही, कळवलं. दर रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे शनिवारची रात्र असताना, फोन खणखणायचा. मी आठवडाभर बँकेत मान मोडून काम करणारा माणूस. रविवारी नऊपर्यंत झोपणं हा माझा घटनात्मक हक्क होता, पण नानांच्या शंभर प्रश्नांत तो बसत नव्हता.

नाना सातलाच हजर व्हायचे. हातात उमेशने पाठवलेल्या प्रश्नांची वही, कानावर पेन्सिल. "बसा ना," म्हटलं की म्हणायचे, "बसायला वेळ कुठं हाय?" आणि अर्धा तास चपलांच्या कपाटापासून शोकेसपर्यंत येरझारा घालायचे. फोनवर बोलतानाही त्यांना एका जागी उभं राहवत नसे, म्हणून त्यांनी परस्पर वायरमन आणून आमच्या फोनला बारा हात वायर जोडून घेतली होती. त्या सगळ्या वर्षांत मी नानांना बूड टेकून बसलेलं पाहिलं नाही. जेवताना बसत असतील, पण तेही मी पाहिलेलं नाही.

अमेरिका लांब आहे, तेव्हा मोठ्याने बोललं पाहिजे, असं नानांचं मत होतं. त्यामुळे अर्ध्या गिरीजची तयारी होत होती.

"तारे किती?"

"पन्नास," काकूंचा आवाज रिसिव्हरमधून आमच्या मोरीपर्यंत यायचा.

"पट्टे?"

"तेरा. अहो, पण सोनचाफ्याला शेण घातलंत का?"

"ते प्रश्नात नाय. सिनेटर किती वर्षांसाठी निवडतात?"

"सहा. विहिरीतला गाळ काढायचा होता, त्याचं काय झालं?"

"वाक्य लिव. आय वॉन्ट टू बी अ सिटिझन."

मग पलीकडे काकू लिहीत असायच्या, आणि नाना श्वास रोखून, वायर मनगटाला गुंडाळत, शोकेसमधल्या बाहुल्यांकडे रोखून बघत उभे राहायचे. काकू एकेक अक्षर वाचून दाखवायच्या. चुकलं की नाना भिंतीवर हलकेच डोकं आपटायचे. तिथे आमच्या रंगावर अजून तेलकट डाग आहे.

परीक्षेच्या त्या नियमाने नानांच्या डोक्यात असं काही घर केलं की त्यांनी सगळं जग दहापैकी मार्क देऊन मोजायला घेतलं. माझ्या बायकोने कौतुकाने आमटीची वाटी पाठवली. नानांनी कुंपणापलीकडून निकाल सांगितला, "सहा. पास!" बायको आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मंगलाबाईंच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा नाना म्हणाले, "पोरगा सहाचा हाय. करून टाक. दहाचा मिळाला तर तो दुसऱ्या दिवशी अमेरिकेला जातो."

अर्ज भरायची वेळ आली आणि एका रकान्यात गाडी अडली. 'यापूर्वी दुसरं कोणतं नाव वापरलं आहे का?' काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर नाव होतं भागीरथी. लग्नात ते सुमन झालं. उमेशने फोनवर सांगितलं, नाव बदलल्याचा कागद पाहिजे. राहण्याच्या कार्डाच्या वेळी कुणी शाळेचा दाखला मागितला नव्हता, आता जोडलाय तर हिशेब द्या.

नाना तडक माझ्याकडे आले. जणू मीच अमेरिका.

"ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं होतं नाव. त्याची झेरॉक्स कुठून आणू?"

"मुळात बदललंत कशाला?" मीही वैतागून म्हणालो. सकाळपासून तीन वेळा त्यांच्याबरोबर स्टॅम्पपेपरवाल्याकडे जाऊन आलो होतो.

"थोरल्या वहिनीचं नाव भागीरथी. एका घरात दोन भागीरथी कशा? हाक मारली तर दोघी ओ देणार."

शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. त्यासाठी लग्नाला हजर असलेला साक्षीदार पाहिजे. जुन्यांपैकी कोण उरलंय, असा शोध घेता घेता मंगलाबाई निघाल्या. लग्नात त्या परकर-पोलक्यात होत्या, आईबरोबर मासळीच्या टोपलीमागे येऊन तांदळातलं नाव बघायला ताटाजवळ घुसल्या होत्या. वकिलांपुढे त्यांनी ठणकावून सांगितलं, "मी बघितलंय. वाचता येत नव्हतं, पन सगली म्हनाली सुमन. नि नवरी रडत होती."

"ते लिहायचं नाही," वकील म्हणाले.

"का? खरं हाय ते."

नाना त्या क्षणी खिडकीपाशी गेले आणि रस्त्यावर काही नसताना रस्ता बघत राहिले.

परीक्षेच्या आदल्या रविवारी नानांनी शंभर प्रश्न दोनदा विचारले. काकूंचे त्र्याण्णव आले. मग नानांनी वही मिटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका खाली आला की मला चहाचा कप खाली ठेवून कान द्यावा लागला.

"आणि हे बघ. अर्जात शेवटी एक रकाना हाय. नागरिक होताना नाव बदलायचं असलं तर बदलून देतात. उमेशनं मोकळा ठेवलाय. तुझं तू बघ. मागे मी तुला इचारलं नव्हतं."

मग काकू म्हणाल्या, "शेण घातलंत का सोनचाफ्याला?"

"घातलं," नाना म्हणाले.

काकू पास झाल्या. दहापैकी पहिले सहा बरोबर आल्यावर साहेबाने पुढचे विचारलेच नाहीत, याचं नानांना फार वाईट वाटलं. "चारची तयारी फुकट गेली," म्हणाले. संध्याकाळी लोंगर घेऊन आले आणि पेढे दिल्यासारखी केळी वाटत सुटले. मी रविवारच्या झोपेचा जुना राग धरून होतो. म्हटलं, "घ्या नाना, केलंत बायकोला अमेरिकन. आता कशाला येतील त्या गिरीजला?"

नाना माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी तारे किती हेही विसरलो होतो.

"अहो, ती यावी म्हणूनच तर केलं! त्या कार्डावर इकडं आली की सहा महिन्यांच्या आत पळायला लागायचं. दीड महिना यायची, त्यातला एक महिना दिवस मोजण्यात. जास्त राहिली तर कार्ड बाद, माझ्यासारखं. मग नातवंडांना बघायला परत रांगेत उभं राहायचं. आता नागरिक झाली ना, आता तिचे दिवस कोण मोजत नाय. पाहिजे तेव्हा जाईल, पाहिजे तितकं राहील." मग म्हणाले, "तिकडची झाल्याबिगर तिला इकडं राहता येत नव्हतं हो."

मला फार लाज वाटली. त्याच सुमारास नानांचा फोनचा नंबर लागला होता आणि त्यांनी तो घेतला नव्हता, तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, किती हा कंजूष माणूस. आता समजलं. बोलायचं माणूस घरी यायचं असताना फोन कशाला घ्यायचा?

काकू आल्या. दोन सुटकेसा पायरीवर ठेवून आधी वाडीत एक फेरी मारली आणि नानांना म्हणाल्या, "पाच. नापास." नानांचा चेहरा इतका उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

पण कागद काही राऊतांची पाठ सोडेनात. काकू आता परदेशी! जास्त दिवस राहायचं तर ठाण्याला जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत जाऊन नोंद करायला हवी. नानांनी नवी वही घातली आणि लिहिणारा म्हणून मला सोबत घेतलं. कामणवरून जाणाऱ्या एसटीत मी आणि काकू बसलो. नाना रिकाम्या सीटा सोडून दांड्याला धरून उभे. कंडक्टरने त्यांना बघितलं आणि आपणहून सांगितलं, "शंभर."

कचेरीत आमची पाळी आली. हवालदाराने पासपोर्ट उघडला आणि हाक मारली, "भागीरथी राऊत!"

म्हणजे तो मोकळा रकाना काकूंनी भरला होता. पण कुणीच उठलं नाही. हवालदाराने पुन्हा पुकारलं. काकू समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. नानांनी त्यांच्या खांद्याला हळूच हात लावला. "अगं, तुला बोलावतायत."

काकू दचकून उठल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी या दोघांना एकमेकांचं नाव घेताना ऐकलं नव्हतं, आणि आताही नानांनी घेतलं नाहीच. पण ते नाव ऐकून त्यांचे ओठ मात्र हलले.

"भारतात येण्याचं कारण?" हवालदाराने विचारलं.

"घर आहे," काकू म्हणाल्या.

त्याने काहीतरी लिहिलं. "आणि किती दिवस राहणार?"

नानांच्या वहीत सगळी उत्तरं होती. पत्ता, पासपोर्टचा नंबर, विमानाची तारीख, झेंड्याचे तारेसुद्धा. त्यांनी वही चाळली. पुन्हा चाळली. मग वही मिटून काकूंकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं दर रविवारी प्रश्न विचारणाऱ्या या माणसाने हा एक प्रश्न बायकोला कधी विचारलाच नव्हता. विचारायची त्यांची छातीच झाली नसावी. तिला राहता यावं एवढीच सगळी खटपट त्यांनी केली होती. ती राहील की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"बोला बाई," हवालदार म्हणाला. "किती लिहू?"

काकू टेबलावर जरा वाकल्या.

"जास्तीत जास्त किती लिहिता येतात?"

हवालदार हसला, मान खाली घालून लिहू लागला. मी नानांसाठी मागे वळलो, तर ते तिथे नव्हते. भिंतीलगतच्या बाकावर, पाठ टेकून, पाय लांब सोडून नाना बसले होते.