चांद्याचा ओला रंग

आमच्या आर्वीच्या शाळेतले चित्रकलेचे देवतळे मास्तर बैलाचं चित्र काढण्याआधी डोळे मिटून बैल चाचपायचे. वशिंड, बरगड्या, पाठीचा कणा, सगळं सावकाश. बैलवाला कंटाळून विचारायचा, "गुरुजी, चित्र काढता का इलाज करता?"

"हाड समजल्याबिगर कातडं रंगवता येत नाई," मास्तर म्हणायचे.

माणसांची चित्रं ते काढत नसत. "माणूस समोर बसला का तोंड बदलवते. बैल नाई बदलवत."

मी गणिताचा मास्तर. सत्तरच्या दशकातली ती वर्षं मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत काढली. तेलघाणीवरून आणलेलं जवसाचं तेल ते उन्हात ठेवून निवळायचे आणि त्यात रंग कालवायचे. पांढऱ्या बैलाला आधी काळपट तपकिरी थर. तो सुकला की निळसर, मग पिवळसर. पांढरा सगळ्यात शेवटी, तोही चिमूटभर. पण त्या चिमटीनं कातडी थरथरल्यासारखी वाटायची. हे सगळं मास्तर महिन्याभरात उरकत.

आष्टीकडच्या किसनबुवांच्या चांद्या बैलाचं चित्र मात्र आठ महिने झाले तरी पुरं होईना. चांद्या म्हातारा झालेला. बुवांचा मुलगा त्याला बाजारात काढणार होता. बुवांनी एवढंच मागितलं होतं, की आधी त्याचं चित्र होऊ दे. मुलानं कबूल केलं होतं. मास्तर दर रविवारी एसटीनं तिकडे जात आणि बुवांच्या गोठ्यात दिवसभर बसत. मुलानं विचारलं की म्हणत, "रंग ओला हाये अजून."

भर मे महिन्यात मी मास्तरांच्या खोलीत त्या चित्राला बोट लावलं. खडखडीत कोरडं.

"मास्तर, हे तर कधीचंच सुकलं."

त्यांनी दार लोटलं. "मले माहीत हाये, सर. चित्र झालं का बैल जाते. मंग मी काऊन पुरं करू?"

दिवाळीनंतर चांद्यानं आपल्याच गोठ्यात, बुवांचा हात पाठीवर असताना प्राण सोडला. बुवा सांगायला आले तेव्हा मास्तरांनी एका सकाळीत चित्र संपवलं. बुवा ते धोतराच्या पानात गुंडाळून घेऊन गेले.

पुढच्या रविवारी मास्तर मला पुन्हा स्टँडवर दिसले, आष्टीच्या गाडीशी.

मी म्हटलं, "आता काय काढायला जाता? बैल तर राहिला नाही."

"काढाचं काई नाई," मास्तर म्हणाले. "बुवा एकटेच बसून राह्यले असतीन. अन् मी तरी खोलीत कोनाशी बोलू?"