खाजगी माणसं, सरकारी सुई

“आज तरी त्या गोळ्या खिशात नेऊ नका,” रंभाबाई नवऱ्याला म्हणाल्या. “सरकारी पाकीट हाय. व्याह्यांनी बघितलं तर?”

“व्याही व्हायचेत अजून,” असं पुटपुटत दाजींनी पाकीट फळीवरच्या डब्यामागे सरकवलं.

जिते गावच्या दाजींना रक्तदाब होता आणि त्याहून जास्त अब्रू होती. आपला डॉक्टर खाजगी, पेणचा, एसीवाला, असं ते गावभर सांगत. त्याच्याकडे ते एकदा गेलेही होते. त्याने सलाईन लावलं, सुई टोचली आणि दाजींना फार बरं वाटलं, अगदी बिल हातात पडेपर्यंत. तेव्हापासून ते दर महिन्याला गुपचूप गाडी धरून रोह्याच्या सरकारी दवाखान्यात जात. पेणचा सरकारी दवाखाना जवळ होता, पण तिथे ओळखीची माणसं भेटत. रोह्यात मात्र दाजींना कुत्रं विचारत नव्हतं.

आणि नेमकं त्यांच्या दिशासाठी स्थळ आलं ते रोह्याचं. आजवर प्रत्येक मुलाला नाक मुरडणारी दिशा ऋत्विकला भेटून आली आणि “मला पसंत हाय” म्हणून मोकळी झाली. आता फक्त बापाने तिथे जाऊन माती खाऊ नये, एवढीच तिची इच्छा होती. मध्यस्थ होता कोलाडचा सुभाष. त्याने दाजींना बजावलं होतं, “ऋत्विकचे वडील दत्ताशेठ म्हंजे मोठं घर. सरकारी दवाखान्याची पायरी कधी चढले नायत. तुम्ही पन तसंच सांगा.”

दत्ताशेठच्या ओटीवर चहा आला आणि विषय आपोआप तब्येतीवर गेला.

“आमच्याकडं साधी शिंक आली तरी खाजगीत,” दत्ताशेठ म्हणाले.

“सरकारी गोळी तर आमच्या घशाखाली उतरतच नाय,” दाजींनी पाय पसरून सांगितलं.

बाकाखाली झोपलेल्या बादशा नावाच्या कुत्र्याला एवढं खोटं सहन झालं नसावं. त्याने दाजींची पिंडरी धरली.

दत्ताशेठच्या बायकोने धावत येऊन जखमेवर मिरचीची पूड दाबली. त्यावर दाजी जे ओरडले, ते ऐकून बादशासुद्धा बाकाखाली परत गेला. दत्ताशेठनी त्यांना गाडीवर घालून ऐटीत आपल्या खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे थंडगार हवा होती, भिंतीवर टीव्ही होता. डॉक्टरने पिंडरीकडे लांबूनच बघितलं, फी जवळून घेतली आणि म्हणाला, “कुत्र्याची लस मी ठेवत नाय. सरकारीत जा, आत्ताच्या आत्ता.”

दोघांचीही तोंडं उतरली. सरकारी दवाखान्याच्या फाटकात दत्ताशेठ म्हणाले, “कुठनं जायचं काय म्हाईत! मी तर हितं पहिल्यांदाच येतोय.”

“मी पन,” दाजी म्हणाले. पण पायांना सवय असते. ते लंगडत लंगडत न चुकता केसपेपरच्या खिडकीवर गेले, तिथून डावीकडे वळले आणि इंजेक्शनच्या खोलीत जाऊन उभे राहिले. पाण्याचा नळ कुठे आहे, तेही जाता जाता त्यांनी दत्ताशेठना दाखवलं.

“अगो बाई, दाजी!” वनिता सिस्टर म्हणाल्या. “तुमच्या गोळ्यांना अजून आठवडा हाय की. मीठ कमी केलंत काय?”

दाजींनी छताकडे बघितलं.

“हे नेहमी येतात काय?” दत्ताशेठनी विचारलं.

“दर महिन्याला, नेमानं. सगळेच पेशंट असे असते तर!” सिस्टर कौतुकाने म्हणाल्या आणि जखम साबणाने धुऊ लागल्या. “ही मिरची कोणी लावली? भाजी करायचीय काय पिंडरीची?”

मिरचीचं नाव निघताच दत्ताशेठ दाराकडे सरकले. त्यांची मान मात्र चांगलीच ताठ झाली. “घरात विचारून कळवतो,” एवढंच बोलून त्यांनी दाजींना स्टेशनावर सोडलं.

घरी दिशाने सगळं ऐकून घेतलं. “तुम्हाला कुत्रं चावलं म्हणून माझं लगीन मोडलं?”

“कुत्र्यानं नाय मोडलं गो. सिस्टरनं मोडलं.”

दिशा जेवली नाही. पोरीचं भरलेलं ताट तसंच राहिलेलं बघून दाजींना पिंडरीपेक्षा ते जास्त दुखलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून दुसऱ्या सुईला ते तोंड न झाकता पेणच्या सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या गोळ्यांच्या रांगेत एक इसम उभा होता. डोक्याला पंचा, तोंडाला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा.

“दत्ताराम, रोहा!” खिडकीतून पुकारा झाला. इसम हलला नाही. “शुगरवाले दत्ताराम! रोह्याहून येतात ते!”

दाजी लंगडत जवळ गेले. “पाव्हणं, नंबर आला तुमचा.”

रुमालाआडून आवाज आला, “मी... तुमच्या पायाची चौकशी करायला आलो व्हतो.”

“गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन?”

दत्ताशेठनी चष्मा काढला आणि बाकावर बसले. “रोह्यात वळखीची मान्सं भेटतात वो. आनि खरं सांगू? हितली गोळी लागू पडते. खाजगीवाला नुसतं सलाईन लावतो.”

“बरं मात्र लय वाटतं त्यानं,” दाजी न्यायाला धरून बोलले.

लग्न त्याच बाकावर ठरलं. अट एकच, की या बाकाचं नाव कुणी कुठे काढायचं नाही.

लग्नाची बोलणी करायला दोन्हीकडची भावकी दत्ताशेठच्या अंगणात जमली, तेव्हा दोघे व्याही हातात हात घालून खाजगी डॉक्टरांची थोरवी सांगत होते. सुभाष मधोमध उभा राहून म्हणत होता, “तोलामोलाची घरं! सरकारी पायरी म्हंजे काय, दोघांना म्हाईत नाय!” आणि बोलण्याच्या भरात तो मागे सरकला, तो थेट बादशाच्या शेपटीवर.

बादशाने त्याचीही पिंडरी धरली, तसा सुभाष खाली बसला. सगळं अंगण आता या मोठ्या माणसांकडे बघू लागलं, की कोणत्या बड्या डॉक्टरचं नाव निघतं.

“हितंच सरकारीत न्या, वनिता सिस्टर हाय!” दाजी ओरडले.

“नको, पेणला न्या, रांग लवकर सरते!” दत्ताशेठ ओरडले.

दोघांनीही जीभ चावली, पण उशीर झाला होता. दिशाने घाबरून ऋत्विककडे बघितलं. तेवढ्यात दत्ताशेठचे थोरले भाऊ घसा खाकरून म्हणाले, “पेणला कशाला? केसपेपरची खिडकी बंद व्हईल तवर.”

“मिरची नका लावू हां,” दाजींची आत्या म्हणाली. “सिस्टर वरडतात.”

“मागच्या दारानं जा, तिकडनं कोन बघत नाय,” आणखी कुणीतरी आपुलकीने सांगितलं.

सुभाष पाय धरून कळवळला, “गप बसा रं सगळी! मला वाट नका दाखवू. माझा केसपेपर दोन्हीकडं हाय.”