घरची मोटार धुळ्याला निघते

धाकटी लेक कुंदा हिच्या लग्नात मी भर मांडवात एक जाहीर विधान केलं. त्याची गरज नव्हती. पण धुळ्याचे व्याही मोतीलालशेठ पान चघळत म्हणाले, "विहीणबाई, उद्या नातवाच्या जावळाला यायचं तर चोपड्याहून छकडा जरा लवकर जुंपा. नाहीतर पोराला दाढी यायची."

अर्धा मांडव हसला. मी म्हणाले, "भिकुबाई येईल ती घरच्या मोटारीतून. तोवर नातवाच्या डोक्याला कात्री लावायची नाही."

तेव्हा नातवाचा पत्ता नव्हता आणि मोटारीचाही नव्हता. पण आमच्या घरात बोललेला शब्द मागं घेत नाहीत. घेत असते तर आज आमच्याकडं शेती जास्त आणि भांडणं कमी असती.

लढाई संपल्यावर सरकारनं पलटणीच्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या होत्या. त्यातली एक माझा थोरला लेक चुडामण घेऊन आला. गाडी म्हणजे चार चाकं, इंजिन आणि मधे लोखंडाची दांडकी. वर आकाश. "आई, वरचं आपल्या मनासारखं बांधून घेऊ," चुडामण म्हणाला. चांगलं चाललेलं घर बुडवायला एवढं एक वाक्य पुरतं.

जळगावहून जीवराम मिस्तरी आला. गाडीभोवती फिरला, तिच्यावर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "पोळाले मोटार तयार व्हई जाई, माय." कोणत्या पोळ्याला, हे मी विचारलं नाही. शिकलेली असते तर विचारलं असतं.

काम झपाट्यानं चाललं आणि आरशापाशी अडलं. मागचं दिसावं म्हणून जीवरामनं ड्रायव्हरपुढं आरसा लावला. आता पुढं बसणार पुना आबा, माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ. मागं बसणार आम्ही बायका. म्हणजे आरशातून आबांना माझं तोंड दिसणार! या घरात आल्यापासून जे त्यांनी पाहिलं नाही, ते एका मिस्तरीच्या आरशापायी दाखवू? मी मधे फळी ठोकायला लावली. आरसा तसाच ठेवला. त्यात फळी छान दिसायची.

फळीमुळं ड्रायव्हरला हाक जाईना, म्हणून बैलाच्या गळ्यातली घंटा त्याच्या कानाशी बांधली आणि दोरी आमच्याकडं घेतली. घंटा वाजताच ड्रायव्हरशेजारी बसलेले आबा चिडले. "मी ड्रायव्हरना जोडे बसू? मंग मना मान काय राह्यना?" खरंच होतं. आबांना वेगळी खोली काढली. मोटार मागं लांबली. आम्ही बायका बसलो की पुढची चाकं जमीन सोडायची. तोल सांभाळायला पुढं घरातलं जातं बांधलं. आता आम्ही उतरलो की मोटार नाक घासायची. तिनं नीट उभं राहावं म्हणून घरातल्या बायकांनी सदैव आत बसणं आवश्यक झालं. तेही करून पाहिलं. पण स्वयंपाक कोण करणार? शेवटी ती चारी बाजूंनी विटांवर चढवली.

इथं सगळ्यांनाच त्या मोटारीचा वीट आला. जीवरामचा हात हातोडी धरली की दुखायचा आणि पानाचा चुना लावताना बरा व्हायचा. चुडामण मागच्या दारानं केळीच्या बागेत जायचा, मोटार दिसू नये म्हणून. मंदाबाई, माझी सून, झोपेत घंटेची दोरी ओढायची. मला काही झालं नाही. मी फक्त जेवण सोडलं, झोप सोडली आणि जीवराम सोडून सगळ्यांवर ओरडत सुटले. त्याच्यावर ओरडले असते तर तो गेला असता.

"आई, थोडे दिवस मोटारीकडं बघूच नको," चुडामण म्हणाला. "जिवाला आराम दे."

पटलं मला. पण आमच्या अंगणात कुठंही बसा, मोटार दिसतेच. ती दिसत नाही अशी एकच जागा, मोटारीच्या आत. मी आत गादी टाकली. काय शांत वाटलं! मग पानाचा डबा आला, उशी आली. मंदाबाई तिथंच डाळ निवडायला बसू लागली. गावातली भांडणंही तिथंच तुटू लागली.

आणि एक दिवस ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी दोरी घेऊन आला. त्यानं मोटारीचं माप घेतलं.

"भिकुबाई, ही वास्तू कधी बांधली?"

"वास्तू? डोळे धुऊन ये. मोटार आहे ती."

"चालते?"

"चालेल."

"छप्पर आहे, भिंती आहेत, खोल्या आहेत, आत माणसं बसतात आणि जागची हलत नाही. नियमानं हे घर झालं. घरपट्टी लागेल."

"अरे, चाकं आहेत तिला!"

"चाकांना पंचायतीची हरकत नाही."

मी त्याला पार फाटकाबाहेर घालवणार होते. पण तेवढ्यात लिहिता लिहिता तो 'कच्चं घर' असं मोठ्यानं म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. "कच्चं? त्या शेजारच्या रुपचंदचं मातीचं खुराडं पक्कं, आणि माझी लोखंडाची मोटार कच्ची?" ऊन डोक्यावर येईस्तोवर भांडले आणि 'पक्कं' करूनच सोडलं. जिंकले. दारावर घर नंबर रंगवून घेतला, मोठ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी जीवरामनं तो नंबर पाहिला आणि हत्यारं गोळा केली. "माय, मी मोटारना मिस्तरी शे. घरले गवंडी लागस." त्याच्या तोंडावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

इकडं धुळ्याला कुंदाला मुलगा झाला, रांगला, चालला. "आई, कधी येतेस?" असा निरोप आला की माझं उत्तर तयार. "रंग राहिलाय." केस खांद्यावर आले. "पडदे राहिलेत." केस कमरेवर आले. शाळेत घालायला नेला, तर तिथल्या मास्तरांनी वेणी पाहून मुलींच्या शाळेचा रस्ता दाखवला. मोतीलालशेठ म्हणाले, "हा मुलगा आहे." मास्तर म्हणाले, "असेल. पण वेणी समोर दिसतेय."

चुडामण भेटून आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. "आई, पोरगं घराबाहेर पडत नाही. मुलं त्याला ताई म्हणतात. तो कुंदाला विचारतो, 'आजीला मी आवडत नाही का?'"

मी मोटारीतून उतरले. जातं बांधलेलं असूनही ती जराही हलली नाही.

सकाळच्या एसटीत मामा म्हणून चुडामण, वडीलधारे म्हणून पुना आबा आणि मी. गर्दी उसासारखी दाबलेली. कंडक्टरनं आबांचा दंड धरला. "आजोबा, त्या आजीशेजारी जागा आहे, टेका." मी हनुवटीपर्यंत पदर ओढला. अमळनेरच्या अलीकडं एक खड्डा आला आणि पदर खिडकीतून बाहेर गेला. आबा माझ्याकडं बघतच राहिले.

"बाई वं," ते हळूच म्हणाले, "तू इतली म्हतारी कव्हय व्हयनी?"

मोटार बांधता बांधता, आबा. असं मनात म्हणत मी पदर आत ओढला.

धुळ्याला चुडामणच्या मांडीवर बसवून नातवाचं जावळ काढलं. वेणी पडली तसं पोरगं उठलं आणि अर्ध्या डोक्यानिशी गल्लीत खेळायला पळालं. न्हावी मागं धावला. कुंदानं मला मिठी मारली. सगळं गोड झालं असतं, पण मोतीलालशेठ दारात उभे राहून रस्त्याकडं बघत होते.

"विहीणबाई, मोटार?"

"मागून येतेय," मी म्हणाले.

त्यांनी तडक दारापुढची बैलगाडी हलवून जागा मोकळी केली. बरीच वर्षं झाली. शेठ अजून रोज ती जागा झाडून घेतात आणि कोणाला तिथं सायकलसुद्धा टेकवू देत नाहीत.

तुम्ही हसताय, ते दिसतंय मला. हसा. पण पूल मागून येतोय, वीज मागून येतेय, असं तुम्हालाही कोणीतरी दारात सांगून गेलंच असेल. ते सांगणाऱ्यांना मी ओळखत नाही. पण एवढं सांगते, तेही माझ्यासारखे घरून एसटीनंच आले होते. झाडा, जागा झाडा.