भिंत सरकवताना

"जागा शिल्लक नाही," असं कॉम्प्युटरने पुन्हा बजावलं, तेव्हा मास्तरांच्या बायकोने अनुवाद थांबवला. पुस्तक उद्या प्रकाशकाला द्यायचं होतं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला, "सगळं पुसा आणि लिनक्स सिस्टिम नव्याने टाका."

गणिताचे मास्तर खवळले. "अगं, डिस्कमध्ये दोन कप्पे आहेत. सिस्टिमचा तुडुंब भरलाय, आपल्या फायलींचा अर्धा रिकामा. मधली भिंत सरकवायची, झालं! त्यासाठी कोणी घर पाडतं का? एकदम सोपं आहे."

"एकदम सोपं" ऐकताच बायको दचकली. "मला जरा बसू दे," म्हणाली, कॉम्प्युटरवर काहीतरी खुडबुडली आणि बाजारात गेली.

मास्तरांनी तिचं पुस्तक पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. मग कळलं, भिंत सरकवायला कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करावा लागतो. हाताशी पेनड्राइव्ह एकच. त्यावरचं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली, तिला मास्तरांनी न वाचताच होकार दिला. 'प्रश्न नीट वाचा' असं ते वर्गात रोज कोकलत.

भिंत सरकू लागली. मध्येच बंद करू नका, असं पडद्यावर आलं. मास्तर समाधानाने मागे रेलले आणि त्यांना पुस्तकाची कॉपी आठवली. ती तर त्याच पेनड्राइव्हवर होती. एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवर पुस्तकाची आधीची कॉपी निघतेय का, म्हणून ते आत जाऊन कपाट उपसू लागले.

तेवढ्यात बाहेर खट्ट झालं.

"आई! काय केलंस?"

"कॉम्प्युटरचं बटण बंद केलं. खोलीत कोणी नसेल तर बंद करा, अशी चिठ्ठी तूच चिकटवलीयस ना?"

कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, पण फायलींचा कप्पा काही उघडेना. बायको परतली तेव्हा मास्तर डोकं धरून बसले होते.

"तुझं पुस्तक गेलं गं. माझ्या हातून गेलं."

"माझं कुठलं जातंय? तू सोपं आहे म्हणालास, तेव्हाच मी ते प्रकाशकाला मेल केलं. उरलेली दोन पानं हाताने लिहीन."

मास्तरांना सुटकेने रडू फुटायचंच बाकी होतं.

"आणि तुझी उद्याची प्रश्नपत्रिका?" तिने विचारलं.

तिचं जपायच्या नादात आपलं काही त्या डिस्कवर आहे, हेच मास्तर विसरले होते.

बायकोने कागद-पेन पुढे ओढलं. "सांग, पहिला प्रश्न."

दारात आई उभी होती, हात दिव्याच्या बटणावर. "बसणार आहात ना इथे? का घालवू?"