सुनेने अडवलेला चेंडू

"चेंडू हे काळाचे प्रतीक आहे. घड्याळ गोल असते आणि चेंडूही गोल असतो."

हे वाक्य वाचून लेखनाच्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. चेंडू जागचा हलला नव्हता. बाईंनी वर्गाला वाचायला दिलेली कथा एका म्हाताऱ्या घड्याळजीची होती. दुकान विकायचे की नाही यावरून घरात भांडणे होतात, म्हातारा अंथरूण धरतो आणि मरतो. त्यात चेंडू कुठून आला?

त्यांनी दुसरा कागद ओढला. "सासऱ्याच्या निधनाचे दुःख सून खेळात विसरते. यातून स्त्रीशक्तीचे दर्शन घडते." तिसऱ्यावर लिहिले होते, "लेखकाने गोल होऊ दिला नाही, कारण जीवन हे अपूर्ण असते."

बाईंनी मुलांना वाटलेली प्रत शोधून काढली. दुसऱ्या पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती : 'सुनेने थरथरत्या हातांनी त्याचे डोळे मिटले आणि'. तिसरे पान सुरू होत होते : 'उजवीकडे झेप घेऊन चेंडू बाहेर फेकला. मैदानात एकच जल्लोष उसळला.' पुढच्या आठवड्यासाठी दिलेली गोलकीपरची कथा झेरॉक्सवाल्याने घड्याळजीच्या कथेत मिसळली होती आणि वर पिन मारून तो मोकळा झाला होता.

बाई झेरॉक्सवाल्यावर चिडल्या नाहीत. पाने कोणाच्याही हातून मागेपुढे होतात. पण सासऱ्याच्या उशाशी बसलेली सून एका वाक्यात मैदानात पोचते आणि अख्ख्या वर्गात एकालाही 'हे काय चाललंय?' असे विचारावेसे वाटत नाही, याने त्यांचे डोके फिरले.

हा तास त्यांनी भांडून मिळवला होता. त्याआधी कित्येक वर्षे त्या पोरांना अर्ज लिहायला शिकवत होत्या. रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, सवलतीचा अर्ज. सगळे 'विनंती विशेष'ने सुरू होऊन 'आपला आज्ञाधारक'वर संपणारे. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोराला हात जोडण्यापलीकडे काही लिहिता येत नव्हते. बाईंचे म्हणणे साधे होते : पोरांना गोष्टी वाचायला द्या, वाचून काय वाटले ते त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. विभागप्रमुखांनी एका सत्रापुरती परवानगी दिली होती. सत्र संपताना समिती येऊन तास बघणार होती. तिला पटले नाही तर बाई पुन्हा रजेच्या अर्जावर.

त्या वर्गात गेल्या आणि प्रत हवेत फडकावून म्हणाल्या, "सुनेनं चेंडू अडवला. कुणाला काही खटकलं?"

सगळे आपापली प्रत चाळू लागले. मग शेवटच्या बाकावरचा लांबू उठला. पाय बाकाखाली मावत नसल्याने त्याला उठायला वेळ लागत असे.

"मॅडम, मला खटकलं होतं."

"मग लिहिलं का नाहीस?"

"म्हटलं, छापलेलं आहे. असेल काहीतरी त्यात."

"आणि तू गं?" बाई पहिल्या बाकावरच्या वेणीवालीकडे वळल्या. चेंडूला काळ करणारी हीच.

"तुम्ही दिलीत ना मॅडम कथा. मग बरोबरच असणार."

घरी बाईंनी ते पान नवऱ्यापुढे टाकले. त्याने जेवता जेवता वाचले. "छान आहे की. असेल काहीतरी त्यात," तो म्हणाला. "फक्त आईला वाचायला देऊ नकोस. सुना मैदानात उतरल्या तर तिला खपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी त्यांना जिन्यातच गाठले. "मॅडम, काय कथा निवडलीत! हा जो तुटलेपणा आहे ना, तेच तिचं सौंदर्य आहे!"

बाईंनी त्याच जिन्यात ठरवले : हे 'असेल काहीतरी' मुळापासून उपटायचे. वर्गात त्यांनी फर्मान काढले. "प्रतीक, दर्शन, संदेश, हे शब्द आजपासून बंद. वाचताना जिथं अडखळाल तिथं बोट ठेवायचं आणि लिहायचं, इथं मी अडखळलो, यामुळे अडखळलो. बस्स."

आणि त्या मुद्दाम खोड्या काढू लागल्या. एका प्रेमकथेत त्यांनी वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकातला परिच्छेद घुसवला. तरीही वेणीवालीने 'प्रेयसीचे मन धुऊन निघते' असे लिहिलेच. बाईंनी तो कागद तिच्या हातात परत दिला. "पुन्हा वाच. मोठ्यानं." वेणीवालीने मोठ्याने वाचले आणि 'पाण्याची नळी घट्ट बसवावी' इथे आल्यावर तिला जे हसू फुटले ते तास संपेपर्यंत आवरले नाही. त्या दिवसापासून वर्ग मोकळा सुटला.

तो जरा जास्तच सुटला. पोरे काहीही वाचताना अडखळू लागली. सूचनाफलकावर 'शिस्त पाळल्यास आनंददायी वातावरण राहील' असे होते, त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने 'कुणाला?' असे लिहिले. कँटीनच्या फळ्यावर 'ताजे' या शब्दाला गोल पडला. आणि विभागप्रमुखांच्या तासाला लांबू सावकाश उलगडत उभा राहिला. "सर, तुमच्या नोट्समधलं चौथं पान दुसऱ्याच विषयाचं आहे."

होते खरेच. प्रमुख ते कित्येक वर्षे सांगत आले होते आणि पोरे कित्येक वर्षे ते उतरवून घेऊन पास होत होती.

"मॅडम, तुम्ही पोरं बिघडवलीत!" प्रमुख लालबुंद होऊन स्टाफरूममध्ये आले.

"वाचायला लागलीत, सर."

"समितीसमोर असं काही झालं ना, तर हा तास त्याच दिवशी बंद. मी सांगतो!"

आणि तास बंद पडू नये म्हणून की पडावा म्हणून, कोण जाणे, पण समितीच्या दिवशी प्रमुखांनी बाईंच्या हातात एक भलतीच कथा ठेवली. "आज ही वाचायला द्या. समितीच्या अध्यक्षांची आहे. नाव झाकलंय. पोरांना आधी सांगून ठेवा, काय ते गोड बोलायचं."

बाई वर्गाच्या दाराशी थांबल्या. आत जाऊन एक वाक्य बोलले की तास वाचणार होता. पण तो वाचवण्यासाठी पोरांना तेच शिकवावे लागणार होते, जे मोडायला त्यांनी तो घेतला होता. त्या आत गेल्या, प्रती वाटल्या आणि एवढेच म्हणाल्या, "वाचा."

मागे भिंतीला टेकून समितीतर्फे अध्यक्ष बसले होते. निवृत्त, पांढरे केस, मांडीवर घडी केलेला कोट. शेजारी प्रमुख. पोरांनी आधी सवयीने पिना तपासल्या.

लांबू उठला. "मॅडम, तुम्ही पुन्हा पानं बदललीत."

"नाही बदलली."

"बदललीत! हे बघा ना. फाटक्या बुटांत पुठ्ठा घालून नोकरी मागत फिरतो हा माणूस. साहेब त्याला दारातून हाकलतो. हा रस्त्यावरचा दगड उचलतो, काचेसमोर उभा राहतो. इथवर माझे हात गरम झाले होते. आणि पुढच्या पानावर म्हणतो, समाधान हेच खरे धन!"

"दगड कुठं गेला?" वेणीवाली बसूनच म्हणाली. "खाली टाकला असंही लिहिलेलं नाही. चिडलेला लिहितोय तो वेगळा, आणि हा उपदेश करणारा वेगळा. हे एकाचं काम नाहीये, मॅडम."

"अरे, बसा खाली!" प्रमुख ओरडले. "मोठ्या माणसाचं लेखन आहे, असेल काहीतरी त्यात!"

अध्यक्षांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "थांबा हो." ते उठून पहिल्या बाकापाशी आले. "नेमका कुठं बदलतो, ते दाखव."

वेणीवालीने 'मात्र त्याच क्षणी' या शब्दांच्या अलीकडे बोट टेकवले.

अध्यक्षांनी वाकून ते शब्द वाचले.

"तिथं मला नोकरी लागली," ते म्हणाले.

कथा यांचीच आहे हे पोरांना आत्ता उमगले. लांबू चटकन खाली बसला, निदान बसायचा प्रयत्न केला. प्रमुखांनी डोळे मिटून घेतले. बाईंना रजेचे अर्ज समोर दिसू लागले. पण आता मागे फिरायचे म्हणजे पोरांना खोटे पाडायचे.

"साहेब, पहिली दोन पानं उत्तम आहेत," त्या म्हणाल्या. "तिसरं पुन्हा लिहायला हवं."

"या वयात?"

"दगड तुम्ही उचललाय. आम्ही काय करणार त्याचं? सोमवारी आणा लिहून."

"सोमवारी आमची बैठक आहे, मॅडम. हा तास ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला."

"मग बैठकीच्या आधी आणा."

अध्यक्षांनी तिसरे पान पिनेतून उपटले, घडी घालून ते खिशात कोंबले आणि लांबूपाशी जाऊन म्हणाले, "सरक रे जरा." मग बाकावर कोरा कागद ठेवून त्यांनी पेनाचे टोपण काढले.

"साहेब, बैठकीचं..." प्रमुख चाचरत म्हणाले.

"ठरलं की ते," अध्यक्ष मान वर न करता म्हणाले. "तास बंद केला तर माझं पान तपासणार कोण? तुम्ही?"