प्रत्येकी दोन चमचे

"माझी जीभ म्हणजे तराजू आहे, तराजू!" असं भावोजी दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. औषधांच्या दुकानात वीस वर्षं काढलेली. नुसत्या वासावरून खोकल्याचं औषध ओळखायचे. त्यामुळे मेहुण्याने गॅरेजमध्ये बिअरची चिमुकली भट्टी घातली, तेव्हा भावोजींनी सल्लागारपद स्वतःच स्वतःला बहाल करून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी!

मेहुण्याने त्यासाठी चांगली नोकरी सोडली होती. आठ महिने खपून त्याने राय नावाच्या धान्याची, मध घातलेली बिअर जमवली. आता एक हॉटेलवाले ती चाखायला येणार होते. त्यांना आवडली तर भट्टी चालणार, नाहीतर बिचारा पुन्हा जुन्या साहेबापुढे हात जोडून उभा! गॅरेजमध्ये बसायला धड स्टूल नव्हतं, म्हणून कार्यक्रम भावोजींच्या दिवाणखान्यात ठरला.

दहा दिवस आधी मेहुण्याने बारा बाटल्या भरल्या आणि नेमका त्याला फोन आला.

"भावोजी, एवढी बुचं ठोका आणि बाटल्या घरी न्या. बाकी कशालाही हात लावू नका हं!"

"अरे, कुक्कुलं बाळ आहे का मी?"

मेहुण्याची पाठ वळली आणि भावोजींनी एक घोट घेतला. डोळे मिटले. जीभ टाळ्याला लावली. छे! मध नावालासुद्धा नाही! पोरगं भलतंच चिक्कू निघालं. समोरच मधाची बरणी होती. प्रत्येक बाटलीत दोन चमचे, थेंबही न सांडता. शेवटी वीस वर्षांचा हात! बुचं ठोकून बाटल्या घरी आणल्या आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात ठेवल्या. ऊब मिळाली की मध कसा छान मुरेल!

ठरल्या दिवशी हॉटेलवाले आले. पांढराशुभ्र शर्ट, झुपकेदार मिशा, आणि चेहऱ्यावरची रेष हलेल तर शपथ! ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच आतून आवाज आला. फट्!

"काय झालं?" हॉटेलवाल्यांनी विचारलं.

"पाइप असेल," भावोजी म्हणाले.

फट्! फट्! फटाफट्!

"जुनं घर आहे हो. पाइप बरेच आहेत."

बायको आत धावली आणि किंचाळली, "अहो, कपाटातून फेस येतोय!"

बारातल्या अकरा बाटल्यांनी राम म्हटला होता. उरलेली एक मेहुण्याने बाहेर आणली, हॉटेलवाल्यांसमोर धरली आणि बूच उघडलं. अहाहा, काय ते कारंजं! आधी छत, मग दिवा, आणि तिथून थेट पाहुण्यांच्या मिशा!

मेहुणा मटकन खाली बसला. "माझंच माप चुकलं, साहेब. माफ करा. उद्याच जुन्या ऑफिसात जातो."

भावोजींनी त्याचं ते पडलेलं तोंड पाहिलं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण राहवेना.

"त्याचं काही चुकलं नाही हो! मध मी घातला. प्रत्येकी दोन चमचे."

"भावोजी!" मेहुणा ताडकन उठला. "अहो, बाटलीत यीस्ट जिवंत असतं! मध मिळाला की ते तो सगळा फस्त करतं, आणि मग नुसता वायूच वायू!"

"मला वाटलं, मुरेल..."

तेवढ्यात हॉटेलवाल्यांची जीभ हळूच बाहेर आली. मिशीच्या डाव्या टोकाला गेली, मग उजव्या. त्यांनी बाटलीच्या तळाशी उरलेली बिअर पेल्यात ओतून घेतली आणि एका दमात संपवली.

"फक्कड!" ते म्हणाले. "धान्याचा खमंगपणा काय उतरलाय! पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे हीच. फक्त एक आहे, मध काही लागत नाही हो कुठं."

भावोजींचा चेहरा एकदम उजळला. "बघा! मी तेच म्हणत..."

"अहो," बायको म्हणाली, "तोंड मिटा आणि फडकं घ्या."

भावोजी मुकाट्याने स्टुलावर चढले. छत पुसता पुसता वरून एक थेंब टपकला, तो नेमका त्यांच्या जिभेवर. सवयीने डोळे मिटले गेले.

"तीन घालायला हवे होते," ते पुटपुटले. पण अगदी हळू.