खरखरचा शेवटचा कार्यक्रम

"गर्दीवर माझ्याकडे जालीम उपाय आहे!" असं दादाने छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हाच त्याच्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावायला हवा होता. पण तीही हुरळून गाडीत चढली.

दादा शववाहिकेचा ड्रायव्हर. त्याच्या गाडीतल्या माणसांनी कधी धक्काबुक्की केली नाही की शिट्टी मारली नाही. त्यामुळे जिवंत माणसांची गर्दी दिसली की त्याचा जीव गुदमरायचा. पण हा एमसी खरखरचा शेवटचा कार्यक्रम होता! त्याचं रॅप ऐकत दादा रोज रिकामी गाडी परत आणायचा, म्हणून तर या कामात टिकला. आता डॉक्टरांनी खरखरच्या छातीपुढे हात टेकले होते. आज नाही ऐकलं तर कधीच नाही.

"शववाहिकेला कोण अडवतंय? थेट स्टेजपर्यंत जायचं!"

आणि खरंच, गर्दी आपोआप बाजूला झाली. पोरांनी टोप्या काढल्या. दादा खूश! तेवढ्यात कुणीतरी हंबरडा फोडला, "खरखर गेला रे!"

"दादा, नाही म्हणून सांग की त्यांना!" बहीण ओरडली.

पण काचेला चेहरे चिकटलेले बघून दादाने नुसती मान खाली घातली. झालं! सगळं मैदान रडायला लागलं.

बातमी गाडीच्या आधी स्टेजमागे पोचली. आपण गेलो हे ऐकून बिचारा खरखर चौकशीला बाहेर आला. समोर शववाहिका! तो छाती धरून मटकन खाली बसला. अँब्युलन्स फाटकाशीच अडकलेली, तिला कोण वाट देतंय? लोकांनी खरखरला उचलून दादाच्या गाडीत मागे आडवं केलं.

"दादा, हाण!" बहीण किंचाळली.

दादा रडत गाडी हाणत होता. ज्याच्या आवाजावर दिवस काढले, त्याला आपणच मारलं! डोळ्यांपुढे धुकं आणि हात सवयीचे. त्यांनी स्टिअरिंग वळवलं.

आरशात खरखर उठून बसला.

"ए मामा, हे कुठे आणलंस? ही चिमणी कसली?"

"स्मशानाची," दादा म्हणाला. "माफ करा, सवयीने वळलो."

मग खरखर सुटला! एकही श्वास न घेता, ठेका न सोडता, हॉस्पिटलच्या दारापर्यंत त्याने दादाला अशा काही शिव्या घातल्या की दादाची मान नकळत डोलायला लागली.

खरखर वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. शेवटचा कार्यक्रम एकट्या दादाला मिळाला, आणि गर्दी अजिबात नव्हती. फक्त गाण्यात आईबहिणीचा उद्धार जरा जास्त होता, आणि बहीण शेजारीच बसली होती.